एमटीआर विंडोज, मॅक आणि उबंटूवर कसं इन्स्टॉल करायचं?

तुम्ही लिहिलंय की संध्याकाळी मीटिंगमध्ये आवाज तुटतो, इंटरनेटवाल्यांना फोन केला तर "एमटीआर रिपोर्ट पाठवा" एवढंच म्हणाले, आणि घरात एक विंडोजचा ऑफिसचा लॅपटॉप, एक मॅकबुक आणि एक जुना उबंटूचा पीसी आहे, तर कशावर कसं टाकायचं. तिन्हीवरचं सांगतो, कारण तिन्हीकडे अडतं ते वेगवेगळ्या जागी. कमांड मी इथे देवनागरीत लिहितोय, टाइप करताना सगळं इंग्रजी छोट्या अक्षरांत टाका, फक्त "कॅपिटल" म्हटलंय तिथे मोठं अक्षर, आणि आकडेही इंग्रजीच. डॅश म्हणजे -, एमटीआर म्हणजे mtr, सुडो sudo, ॲप्ट apt, टायनी tiny, ब्रू brew, ऑप्ट opt, यूएसआर usr, एसबिन sbin.

आधी हे आहे काय ते थोडक्यात. पिंग फक्त शेवटच्या सर्व्हरला हाक मारून बघतं, ट्रेसरूट वाटेतले सगळे राउटर एकदा दाखवून मोकळं होतं, आणि एमटीआर ही दोन्ही कामं एकत्र करतं, म्हणजे वाटेतल्या प्रत्येक राउटरला दर सेकंदाला विचारत राहतं आणि किती उत्तरं आली, किती हरवली ते मोजतं. १९९७ मध्ये मॅट किंबॉलने लिहिलं तेव्हा त्याचं नाव मॅट्स ट्रेसरूट होतं, १९९८ पासून रॉजर वुल्फने सांभाळायला घेतलं आणि नंतर माय ट्रेसरूट झालं. ही विचारणा करायला त्याला पॅकेट, म्हणजे डेटाचा छोटा तुकडा, स्वतः तयार करून पाठवावं लागतं, आणि साध्या युजरला ती परवानगी ऑपरेटिंग सिस्टीम सहसा देत नाही. इन्स्टॉल करताना नाही तर चालवताना जी बोंब होते त्यातली बरीचशी ह्या एका कारणाने होते, तेवढं डोक्यात ठेवा.

उबंटूचा पीसी चालू स्थितीत असेल तर सरळ तोच वापरा. टर्मिनल उघडून नुसतं "एमटीआर ८.८.८.८" टाका (८.८.८.८ हा गुगलच्या सर्व्हरचा पत्ता), उबंटूवर बऱ्याचदा ते आधीपासूनच असतं. नसेल तर "सुडो ॲप्ट अपडेट" (सुडो म्हणजे ॲडमिनच्या हक्काने चालव) आणि मग "सुडो ॲप्ट इन्स्टॉल एमटीआर-टायनी". टायनीच घ्या असं मी आवर्जून सांगतो, कारण नुसतं एमटीआर नावाचं पॅकेज घेतलं तर त्यासोबत खिडकीवालं ग्राफिकल सगळं येतं आणि आपल्याला रिपोर्ट टेक्स्टमध्येच हवाय. परवानगीचं काम पॅकेज स्वतःच करून ठेवतं म्हणून इथे चालवताना सुडो लागत नाही. पीसी जुना आहे म्हणताय म्हणून एक गोष्ट, अपडेटच्या वेळी ४०४, म्हणजे "सापडलं नाही" अशा एररची रांग लागली तर तुमच्या उबंटूच्या व्हर्जनचा सपोर्ट संपलाय आणि त्याची पॅकेजं दुसऱ्या सर्व्हरवर हलवलीत, अशा वेळी त्याच्याशी झुंजत बसू नका, मॅककडे वळा. उबंटूऐवजी दुसरं लिनक्स, म्हणजे फेडोरा असेल त्याने "सुडो डीएनएफ इन्स्टॉल एमटीआर", आर्चवाल्यांनी "सुडो पॅकमॅन डॅश कॅपिटल एस एमटीआर", बस.

मॅकवर होमब्रू लागतं, म्हणजे टर्मिनलमधून प्रोग्राम टाकायचं साधन. ते नसेल तर आधी ते टाका, त्यात ॲपलची कमांड लाइन टूल्स उतरतात आणि त्याला बराच वेळ लागतो, अडकलं असं वाटून मध्येच बंद करू नका. मग "ब्रू इन्स्टॉल एमटीआर". इथपर्यंत सगळं गोड, आणि मग एमटीआर चालवलं की "फेल्युअर टू ओपन आयपीव्ही४ सॉकेट्स, परमिशन डिनाइड" असा मेसेज येतो आणि लोक इन्स्टॉल बिघडलं समजून पुन्हा पुन्हा काढून टाकतात. बिघडलेलं काही नसतं, होमब्रू ती परवानगी देत नाही एवढंच, म्हणून दर वेळी कमांडच्या आधी सुडो लावून चालवायचं, पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर काही दिसत नाही ते बरोबरच आहे. "कमांड नॉट फाउंड" आलं तर कारण असं की ब्रू हे एमटीआर बिनमध्ये न ठेवता एसबिन फोल्डरमध्ये ठेवतं आणि काही मॅकवर ते फोल्डर पाथमध्ये, म्हणजे मॅक कमांड जिथे शोधतो त्या यादीत नसतं, तर पूर्ण पत्ता द्या, एम सिरीजच्या मॅकवर "सुडो /ऑप्ट/होमब्रू/एसबिन/एमटीआर" आणि इंटेलवाल्या जुन्या मॅकवर "सुडो /यूएसआर/लोकल/एसबिन/एमटीआर".

विंडोजचं वेगळं आहे, तिथे खरं एमटीआर थेट असं येत नाही. बहुतेक जण विनएमटीआर वापरतात, तो वेगळ्या लोकांनी लिहिलेला वेगळा प्रोग्राम आहे पण काम तेच करतो. झिप उघडायची, ६४ बिटवाल्या फोल्डरमधली फाइल चालवायची, इन्स्टॉल असं काही नाहीच. होस्टच्या जागी पत्ता टाका, स्टार्ट करा, आणि थांबवल्यावर "कॉपी टेक्स्ट टू क्लिपबोर्ड" दाबलं की रिपोर्ट तयार, इंटरनेटवाल्यांना हा चालतो. खरंच लिनक्सवालं हवं असेल तर ॲडमिन पॉवरशेलमध्ये "डब्ल्यूएसएल डॅश डॅश इन्स्टॉल" (ह्याने विंडोजच्या आत लिनक्स चालतं), रीस्टार्ट, आणि आत उबंटूवाली वरचीच कमांड, फक्त तिथे पहिला हॉप (हॉप म्हणजे वाटेतला एक टप्पा, एक राउटर) १७२ ने सुरू होणारा एक जास्तीचा दिसतो, तो विंडोजच्या आतलाच आहे, त्याला घाबरू नका.

पण तुमचा लॅपटॉप ऑफिसचा आहे, तर बाहेरून काहीच उतरवू नका, आयटीवाल्यांची परवानगी नसेल तर उगाच लफडं होईल. विंडोजमध्ये पाथपिंग आधीच बसवलेलं असतं. कमांड प्रॉम्प्टमध्ये "पाथपिंग डॅश एन ८.८.८.८" टाका, आधी वाट दाखवतं आणि मग प्रत्येक हॉपमागे २५ सेकंद घेऊन बसतं, नऊ हॉप असतील तर २२५ सेकंद काहीच हलत नाही, तेवढं थांबा. आणि ऑफिसचं व्हीपीएन बंद करून घ्या, नाहीतर रिपोर्ट तुमच्या घराच्या लाइनचा येणारच नाही, ऑफिसच्या वाटेचा येईल.

आता रिपोर्टची कमांड, "एमटीआर डॅश आर डब्ल्यू बी सी १०० ८.८.८.८", ह्यात डॅशनंतरची चार अक्षरं सलग लिहायची आणि मग जागा सोडून शंभर. आर म्हणजे रिपोर्ट, डब्ल्यूने नावं अर्धवट कापली जात नाहीत, बीने नाव आणि आयपी दोन्ही येतात, सी १०० म्हणजे शंभर वेळा. शंभरला दोनेक मिनिटं लागतात. सी दिला नाही तर रिपोर्ट दहाच वेळा करतं आणि दहामध्ये एक हरवलं तरी १० टक्के दिसतं, त्यावरून काही ठरवता येत नाही. चालवायचं ते आवाज तुटत असतानाच, दुपारी सगळं सुरळीत चाललेलं असताना काढलेला रिपोर्ट पाठवलात तर ते "लाइन ठीक आहे" म्हणून तक्रार बंद करतील आणि त्यांचंही चुकलं म्हणता येणार नाही.

आणि हे सगळ्यात महत्त्वाचं, वायफायवर नाही, लॅपटॉपला लॅनची केबल लावून चालवा. हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. माझ्याकडे असाच आवाज तुटायचा, मी वायफायवरून रिपोर्ट काढला तर पहिल्याच हॉपवर, म्हणजे १९२.१६८.१.१ वर ६ टक्के लॉस, म्हणजे तेवढी पॅकेट हरवलेली, तो तर घरातलाच राउटर. केबल लावली, पहिला हॉप शून्य झाला, पण दुसऱ्यापासून शेवटपर्यंत प्रत्येक ओळीत ४-५ टक्के तसेच राहिले. म्हणजे दुखणी दोन होती आणि वायफायमुळे दुसरं दिसतच नव्हतं. हा दुसरा रिपोर्ट पाठवल्यावर माणूस आला, त्याने फायबरमधला प्रकाश मोजायचा पॉवर मीटर लावला तर उणे २९ डीबीएम आलं, म्हणजे प्रकाश फारच कमी, कपाट सरकवताना मागे फायबरची पिवळी वायर भिंतीशी दाबली जाऊन दुमडली होती. ती मोकळी केल्यावर उणे २१, आणि त्याच संध्याकाळी शंभरपैकी शंभर पॅकेट परत आली. फोनवर मी आठवडाभर सांगत होतो ते काम दोन मिनिटांच्या त्या टेक्स्टने झालं.

वाचताना एवढं बघा. मधल्याच एखाद्या हॉपवर ४० टक्के लॉस आहे आणि त्याच्या पुढच्या सगळ्यांवर शून्य, तर ते सोडून द्या, तो राउटर तुमची पॅकेट पुढे नीट पाठवतोय, फक्त अशा चौकशीला उत्तर देणं त्याच्यासाठी सगळ्यात शेवटचं काम असतं. लॉस एका हॉपपासून सुरू होऊन शेवटच्या ओळीपर्यंत टिकला तरच तो खरा. दुसरा किंवा तिसरा हॉप १००.६४ वगैरे दिसला तर तेही बिघाड नाही, कंपन्या एकच पब्लिक आयपी अनेक घरांत वाटतात त्यासाठीचा तो पत्ता आहे. आणि मीटिंगचा सर्व्हर सिंगापूरला असेल तर मुंबई सोडल्यावर वेळ एकदम पन्नास-साठ मिलीसेकंदांवर जाते, ती समुद्रातल्या केबलच्या अंतराची आहे, तक्रार करण्यासारखी नाही. शेवटच्या ओळीत ॲव्हरेजपेक्षा वर्स्टचा, म्हणजे सगळ्यात उशिरा आलेल्या उत्तराचा रकाना बघा, ॲव्हरेज २० आणि वर्स्ट ९०० मिलीसेकंद असेल तर आवाज त्यानेच तुटत असू शकतो.

दोन रिपोर्ट काढा, एक ८.८.८.८ ला आणि एक तुमच्या मीटिंगच्या सर्व्हरला, शेवटच्या हॉपला उत्तरच येत नसेल तर कमांडमध्ये "डॅश कॅपिटल टी डॅश कॅपिटल पी ४४३" घालून पुन्हा चालवा, मग ते वेबसाइटच्याच पोर्टवर विचारतं. दोन्हीवर तारीख आणि वेळ लिहा आणि तक्रार नंबरासोबत मेल करा, नुसता फोन नको. इथे टाकलेत तर मीही बघून सांगेन, फक्त टाकण्याआधी तुमचा स्वतःचा पब्लिक आयपी कुठे आला असेल तर तो खोडा.