उपग्रहांच्या रेषा सॉफ्टवेअरने पुसता येतात, मग खगोलप्रेमींची ओरड कशासाठी?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: इंटरनेट पुरवणाऱ्या उपग्रहांच्या ताफ्यांमुळे रात्रीचे आकाश खरोखर बिघडते का, आणि छायाचित्रातल्या रेषा सॉफ्टवेअरने काढता येत असताना एवढा गहजब कशासाठी. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘हो’ असे आहे. दुसरा प्रश्न मी आमच्या मेहुण्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकला आहे (ते दूरसंचार अभियंते आहेत, त्यामुळे अधिकारवाणी ओघाने आलीच) की त्याचे उत्तर जरा सविस्तर देतो.

ऑक्टोबर २०२४ मध्ये त्सुचिनशान-ॲटलास धूमकेतू संध्याकाळी पश्चिमेला दिसत होता. पौर्णिमेच्या चांदण्यात त्याची शेपटी विरघळून गेली होती, म्हणून पौर्णिमा उलटून चंद्र उशिरा उगवू लागेपर्यंत मी थांबलो. संधिप्रकाश मावळल्यापासून चंद्रोदयापर्यंत जेमतेम तासाभराचा काळोख मिळणार होता, आणि नेमक्या त्याच वेळी सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांवर ऊन असते. जमिनीवर अंधार पडला तरी त्यांचा सूर्य अजून मावळलेला नसतो, आणि पश्चिमेकडे तर तो सर्वांत उशिरा मावळतो. ट्रॅकिंग माउंटवर (ताऱ्यांबरोबर कॅमेरा फिरवणाऱ्या बैठकीवर) कॅमेरा लावून तीस-तीस सेकंदांचे एक्स्पोजर घेत गेलो. एकाच कक्षेतले उपग्रह एकामागोमाग आले आणि शेपटीच्या फिकट टोकावर शेजारी शेजारी रेषा ओढून गेले. त्यांतली एक मधोमध फुगलेली होती, कारण तेवढ्या क्षणी उपग्रहाच्या एखाद्या सपाट भागावरून सूर्यप्रकाश थेट भिंगात परावर्तित झाला होता.

मेहुण्यांना ती फ्रेम दाखवली तेव्हा ते म्हणाले, “अरे, स्टॅकिंग कर, रेषा आपोआप जातील.” ते करायचे मला माहीत होतेच. फ्रेम एकमेकींवर ठेवून जो पिक्सेल बाकीच्यांपेक्षा फार उजळ असेल तो वगळायचा, ही त्यामागची युक्ती आहे, आणि फ्रेम भरपूर असतील तर ती उत्तम चालते. मात्र धूमकेतू ताऱ्यांच्या तुलनेत सरकत असतो, काळोख तासाभराचाच मिळतो, आणि जिथे रेषा वगळली जाते तिथे उरलेल्या थोड्याच फ्रेमची सरासरी लागते, त्यामुळे तेवढा पट्टा आजूबाजूच्या आकाशापेक्षा खरबरीत होतो. माझ्या अंतिम चित्रात रेषा दिसत नाहीत. शंभर टक्के आकारात पाहिले तर शेपटीचे बारीक तंतू त्या पट्ट्यापाशी तुटतात आणि पलीकडे पुन्हा सुरू होतात. सॉफ्टवेअर रेषा पुसते, पण रेषेखाली काय होते ते सांगत नाही, ही गोष्ट मेहुण्यांनी आजतागायत मान्य केलेली नाही.

हा केवळ हौशी माणसाचा रुसवा आहे असे कोणी म्हणू नये. शुक्राच्या कक्षेच्या आत फिरणारा पहिला लघुग्रह जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेतल्या पालोमार वेधशाळेतल्या झ्विकी ट्रान्झियंट फॅसिलिटी या आकाश-सर्वेक्षणाने शोधला. असे लघुग्रह सूर्यापासून फार दूर जात नाहीत, म्हणून ते संधिप्रकाशातच शोधावे लागतात. त्याच सर्वेक्षणाच्या संधिप्रकाशातल्या छायाचित्रांपैकी २०१९ च्या अखेरीस सुमारे ०.५ टक्के छायाचित्रांत स्टारलिंक या स्पेसएक्स कंपनीच्या इंटरनेट-उपग्रहांच्या रेषा होत्या. ऑगस्ट २०२१ मध्ये हे प्रमाण १८ टक्क्यांवर गेले. त्या सर्वेक्षणाचे काम यामुळे ठप्प झाले नाही हे खरे, परंतु तेव्हाचे ताफे आजच्या मानाने लहान होते. चिलीतल्या व्हेरा रुबिन वेधशाळेचा ३.२ गिगापिक्सेलचा कॅमेरा एका वेळी आकाशाचा फार मोठा तुकडा टिपतो, त्यामुळे त्याला या रेषांचा उपद्रव अधिक होणार हे उघड आहे.

कंपन्यांनी काहीच केले नाही असेही नाही. स्टारलिंकचे पहिले ६० उपग्रह मे २०१९ मध्ये गेले आणि पुढच्याच जानेवारीत गडद लेपाचा एक उपग्रह सोडला गेला. तो तापू लागल्याने तो मार्ग सोडावा लागला. मग ऊन अडवणाऱ्या झडपा आल्या, त्या उपग्रहांमधल्या लेसर संपर्काच्या आड येऊ लागल्या, आणि त्यानंतर प्रकाश पृथ्वीपासून दूर परतवणारा पातळ थर वापरला जाऊ लागला. खगोलशास्त्रज्ञांची मागणी अशी आहे की हे उपग्रह सातव्या प्रतीपेक्षा (प्रत म्हणजे ताऱ्यांच्या तेजाचे माप) अंधूक असावेत, म्हणजे नुसत्या डोळ्यांना दिसू नयेत. याउलट २०२२ मध्ये सुटलेल्या ब्लूवॉकर ३ या उपग्रहाने आपला ६४ चौरस मीटरचा अँटेना उलगडला आणि तो कधी कधी आकाशातल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्यांच्या पंगतीत जाऊन बसला. याला सुधारणा म्हणायचे का?

भर समुद्रातल्या जहाजाला किंवा भूकंपाने तारा तुटलेल्या प्रदेशाला हे इंटरनेट किती मोलाचे आहे, हे मला मान्य आहे; बहुतेकांचे आकाश उपग्रहांच्या आधी रस्त्यावरच्या दिव्यांनीच हिरावले आहे, हेही मान्य आहे.

आपण स्वतः छायाचित्रण करत असाल तर दूरच्या आकाशगंगा आणि तेजोमेघ मध्यरात्रीच्या आसपास टिपावेत, कारण तेव्हा खालच्या कक्षेतले बरेचसे उपग्रह पृथ्वीच्या सावलीत असतात (उंच अक्षांशांवरचा उन्हाळा सोडून). एक्स्पोजर लहान आणि फ्रेम जास्त ठेवाव्यात. रेषा असलेल्या मूळ फ्रेम मात्र कधीही काढून टाकू नयेत. कोणी “सॉफ्टवेअर आहे ना” असे म्हणाले की त्यांतली एक समोर ठेवावी आणि झाकलेला भाग जसाच्या तसा परत आणून दाखवायला सांगावे. आमच्या मेहुण्यांकडे माझी फ्रेम अजून पडून आहे.