त्या दिवशी तुझी काठी घरीच ठेव

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तीन वर्षं तुझा गळाने मासे धरायचा नाद घरच्यांनी सोसला आणि आता त्या सगळ्यांनाच एकदा पाण्यावर न्यायचं तुझ्या मनात आलं आहे. आई-बाबा, धाकटी बहीण, नऊ वर्षांचा चुलतभाऊ आणि आजी. आधी तळ्यावर, जमलं तर नंतर समुद्रावर. सोबत सामानाची यादीही जोडली आहेस. ती वाचून मला हसू आलं, कारण तिच्यात सगळ्यात वर तुझ्या स्वतःच्या दोन काठ्या आहेत. बाकीचं नंतर बघू, आधी त्या खोड.

हे मी चुकून शिकले. मुलगी सात वर्षांची असताना आम्ही तिघं पहिल्यांदा नदीवर गेलो. तिच्या हातात लहान काठी दिली, नवऱ्याला शेजारी बसवलं आणि ‘जरा बघून येते’ म्हणून मी वळणापलीकडे गेले. तिथे मासा लागत होता, त्यामुळे ‘जरा’चा पाऊण तास झाला. इकडे तिला वीतभर मासा लागला. नवऱ्याने आयुष्यात कधी माशाच्या तोंडातून गळ काढलेला नव्हता. दोघांनी मासा गवतावर ठेवला आणि मला हाका मारत बसले. पाण्याच्या खळखळाटात मला काही ऐकू आलं नाही. परत आले तेव्हा मासा वाळून ताठ झाला होता आणि पोरगी पाठ फिरवून बसली होती. पुढची दोन वर्षं तिने काठीला हात लावला नाही. माझ्या पिशवीत त्या दिवशी चार चांगले मासे होते.

तेव्हापासून घरचे सोबत असले की मी त्या दिवसापुरती गडी. आमिष लावायचं, गुंता सोडवायचा, झुडपात अडकलेला गळ काढायचा, मासा सोडवून द्यायचा. हे कंटाळवाणं वाटेल, पण तसं नाही. दुसऱ्याच्या काठीला मासा लागल्यावर त्याचा चेहरा बघायला मिळतो. स्वतःच्या काठीला लागला की आपली नजर दोरावर असते, चेहरा कुणाचाच दिसत नाही.

पाच जणांत काठ्या दोनच ने. जास्त नेल्यास तर तुझा दिवस गुंत्यातच जाईल. शिवाय ज्याचे हात रिकामे, तो गप्पा मारतो, डबा उघडतो, दुसऱ्याच्या बुचावर, म्हणजे दोराला बांधलेल्या तरंगत्या खुणेवर, नजर ठेवून सल्ले देतो. पाळी येण्याची वाट बघण्यात पोरांना जी मजा असते, ती स्वतःची काठी मिळाली की दहा मिनिटांत संपते.

आणि ‘गप्प बसा, मासे पळतील’ हे वाक्य कुणालाही म्हणायला देऊ नकोस. त्या वाक्याने किती पोरांचा या छंदाशी संबंध पहिल्याच दिवशी संपला असेल! हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून बहुतेक सगळा परत फिरतो, आत उतरतो तो अगदीच थोडा. पण काठावर पाय आपटला किंवा होडीच्या तळाशी डबा दणकन ठेवला, की तो हादरा थेट पाण्यात जातो आणि पाण्यात आवाज सेकंदाला साधारण १,५०० मीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त. माशाच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत एक रेघ असते, ती पाण्यातली बारीकशी थरथरही टिपते. तेव्हा हसू दे, गाणी म्हणू दे. फक्त काठावर धावू देऊ नकोस.

चुलतभावासाठी आणखी एक गंमत देते. पाण्याखालून वर बघताना माशाला बाहेरचं सगळं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीत गोळा झालेलं दिसतं. त्या खिडकीचा कोन सुमारे ९७ अंशांचा असतो. काठाशी बुटकं बसलेलं माणूस तिच्या कडेला चेपून पुसट होतं, उभं राहिलं की ठळक दिसतं. हे त्याला सांग आणि खिडकीत न दिसता पाण्यापर्यंत रांगत जाऊन दाखव म्हणून पैज लाव. अर्धा तास तो तुला त्रास देणार नाही. गुडघे मळतील, ते आईला आधीच सांगून ठेव.

पाणी सोपं निवड. तुला ठाऊक असलेली ती खोल, मोठ्या माशांची जागा या दिवसासाठी विसरून जा. तळ्याची उथळ, मोकळी कड, लहान गळ, गांडुळाचा नखाएवढा तुकडा आणि वर बूच, एवढं पुरे. बोटभर मासेसुद्धा वरचेवर लागत राहिले पाहिजेत. उन्हाळा असेल तर वेळेचाही विचार कर. पाणी जितकं तापतं तितका त्यात प्राणवायू कमी मावतो: शून्य अंशाला लिटरमागे साधारण १४.६ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना जेमतेम साडेसात. म्हणून दुपारी मासा सुस्त. मात्र शेवाळ आणि पाणवनस्पती दाटलेल्या तळ्यात अगदी पहाटेही जाण्यात अर्थ नाही. रात्रभर त्या वनस्पतीही प्राणवायू घेत असतात आणि तो सगळ्यात कमी होतो तो उजाडायच्या सुमाराला. ऊन वर यायला लागलं की पोहोचा. आजींनाही तीच वेळ सोयीची.

बुचाकडे कसं बघायचं हे मात्र शिकव, कारण सगळा खेळ तिथेच आहे. आधी ते नुसतं शहारतं आणि त्याच्याभोवती एक बारीक वर्तुळ पसरतं. नवखा इथेच काठी ओढतो आणि गळ रिकामा येतो. मग पुन्हा शांत. मग बूच थोडं कलतं, पुन्हा उभं राहतं. आणि मग ते बुडत नाही, चालायला लागतं, तिरकं, कुणीतरी खालून बोट धरून नेल्यासारखं, आणि चालता चालता नाहीसं होतं. आता काठी उचलायची. हिसडा नको, मनगट वर, बस्स.

यात सगळ्यात तरबेज कोण निघालं सांगू? माझ्या सासूबाई. घरी एकट्या कशाला म्हणून त्यांना नेलं होतं. त्या विणकाम घेऊन खुर्चीत बसल्या, काठी दोन दगडांमध्ये रोवून ठेवली आणि ओळ पूर्ण झाल्याशिवाय मान वर करायची नाही असं ठरवलं. आम्ही बाकीचे दर दोन मिनिटांनी आमिष आहे की गेलं ते बघत होतो. त्यांनी सात मासे काढले, आम्ही सगळ्यांनी मिळून तीन. पुढे वर्षभर त्या हे सांगत होत्या. तेव्हा आजींसाठी पाठ टेकता येईल अशी खुर्ची ने आणि सावलीतली जागा त्यांचीच.

बाबा फारसे बोलत नाहीत, असं तू लिहिलं आहेस. त्यांच्या शेजारी बस, समोर नको. माझ्या वडिलांनी त्यांच्या धाकट्या भावाचं नाव माझ्यासमोर पहिल्यांदा काढलं ते तळ्याच्या काठावर, बुचावरची नजर न हलवता. दोघांचं बोलणं तुटून तेव्हा बारा वर्षं झाली होती. मी काही विचारलं नाही. ते तीन-चार वाक्यं बोलले, मग ‘आमिष गेलं वाटतं’ म्हणून त्यांनी दोर ओढून घेतला. आमिष होतं तसंच होतं.

आता तुझ्या कामाचं. गाठी आदल्या रात्री बहिणीला शिकव, तिचे हात तुझ्यापेक्षा बारीक आहेत. गळाच्या नेढ्यातून तंगूस, म्हणजे नायलॉनचा बारीक दोर, ओवायचा, टोकाने मुख्य दोराला पाच-सहा वेढे द्यायचे, ते टोक नेढ्यालगतच्या फटीतून काढून नव्याने झालेल्या मोठ्या फासातून परत घ्यायचं. आणि ओढण्याआधी गाठ थुंकीने ओली करायची. कोरडी गाठ आवळताना घासून तापते आणि नायलॉन तिथेच कमकुवत होतो. मोठा मासा तुटून जातो तो बहुतेक वेळा दोरातून नाही, गाठीतून.

गळाच्या टोकामागचा उलटा दात पक्कडीने चेपून टाक. एखादा मासा निसटेल, निसटू दे. पण माशाच्या ओठातून किंवा पोराच्या बोटातून गळ क्षणात निघेल. माझ्या कानाच्या पाळीत एकदा न चेपलेला गळ घुसला होता, आपल्याच माणसाने मागे न बघता काठी फिरवल्यामुळे. टोपी आणि चष्मा सगळ्यांना, पाण्यात हात न घालणाऱ्यांनाही. डोळ्याजवळ गळ लागला तर स्वतः काढायचा प्रयत्न करायचा नाही, तसंच डॉक्टरकडे न्यायचं.

आणि चिरलेल्या शिशाच्या गोळ्या दोरावर दाताने दाबून बसवायची तुझी सवय मी पाहिली आहे. पोरं तेच उचलतील. शिसं तोंडात घालायची वस्तू नाही. अशा सांडलेल्या गोळ्या गिळून हंस मरतात, म्हणून ब्रिटनने १९८७ सालीच लहान शिशाच्या वजनांवर बंदी आणली. शिशाऐवजी दुसऱ्या धातूची वजनं मिळतात, ती घे. तुटक्या तंगुसाचा प्रत्येक तुकडा खिशात. पाखरांच्या पायांत तो गुंतला की सुटत नाही.

मासा हातात घ्यायच्या आधी हात ओला कर. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचं रोगापासूनचं कवच असतं, कोरड्या तळव्याने ते पुसलं जातं. कल्ल्यांत बोट घालायचं नाही. फोटो काढायचा असेल तर धरणाऱ्याने स्वतःचा श्वास रोखायचा, आपल्याला दम लागला की मासा पाण्यात. गळ खोल गिळला असेल आणि मासा सोडून द्यायचा असेल, तर गळ उपसत बसू नकोस, दोर तोंडाजवळ काप. न्यायचा असेल तर बादलीत तडफडत ठेवू नकोस. डोक्यावर एक नेमका घाव, मग बर्फ. हे पोरांपासून लपवूही नकोस. काय न्यायचं आणि काय सोडायचं, याचे तिथले नियम आधी विचारून घे. नियमात बसत असला तरी सगळ्यात मोठी मादी मी सोडते. तिच्या पोटात लहान मादीच्या कितीतरी पट अंडी असतात.

समुद्राबद्दल तू दोनच ओळी लिहिल्या आहेस, आणि काळजी मला त्याचीच आहे. तळ्याची कड सकाळी जिथे असते तिथेच संध्याकाळी असते. समुद्राची नसते. जिथे दिवसातून दोन भरत्या येतात, तिथे पाणी सहा-सव्वासहा तास चढतं, पण सारख्या गतीने नाही. ढोबळ हिशेब असा: पहिल्या तासात एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. मासा चरायला येतो तोही वाहत्या पाण्यात, आणि खडकावरचं माणूस मागच्या बाजूने कापलं जातं तेही नेमकं तेव्हाच, सगळ्यांचं लक्ष काठीकडे असताना. भरती रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, तेव्हा मागच्या आठवड्याची वेळ धरून निघू नकोस. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जास्त चढतं आणि जास्त ओढतं. पहिल्या खेपेला अष्टमीच्या आसपासचा भांग, म्हणजे कमी चढ-उताराची भरती, निवड.

आणि खडक नकोच. वाळूचा किनारा किंवा कठडा असलेला धक्का बघ. पोहोचल्यावर वीस मिनिटं काहीही सोडायचं नाही, नुसतं लाटांकडे बघायचं. जिथपर्यंत जमीन काळी, ओली किंवा शेवाळलेली, तिथपर्यंत पाणी येतं. समुद्राकडे पाठ करायची नाही. चुलतभावाच्या अंगात तरंगजाकीट, पायांमधला पट्टा लावून, नाहीतर पाण्यात ते वर सरकून गळ्याशी येतं. अनोळखी मासा पक्कडीनेच धरायचा. काटा टोचलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या वर नाही, हात बुडवून ठेवायचा. अशा बऱ्याच माशांचं विष उष्णतेने निकामी होतं. तरीही डॉक्टरकडे जायचंच. गडगडाट ऐकू आला की काठ्या खाली आणि सगळे छताखाली. कार्बन फायबरमधून वीज वाहते, त्यामुळे विजेच्या तारांखालीही ती काठी उभी धरायची नाही.

एवढं सगळं सांभाळून समुद्रावर काय मिळतं? बूच नसतं, दोर बोटावर धरून बसायचं. लाटेची ओढ लांब आणि सारखी येते. माशाची टकटक वेगळी, दोन-तीन ठोके, दारावर कुणी आल्यासारखी. तो फरक बोटाला कळायला आईला एक तास लागेल. कळला की ती काठी परत देणार नाही, तेव्हा तिची पाळी शेवटी ठेव.

परतल्यावर रीळ गोड्या पाण्याने हलक्या हाताने धू. ते काम बहिणीला दे, तिला आवडेल.

सोबत माझी जुनी हातजाळी पाठवते आहे. दांडा सैल झाला आहे, तारेने आवळून घे. एका कोपऱ्यात भोक आहे, वर्षानुवर्षं शिवायचं म्हणते आहे. बोटभर मासे त्यातून निसटतील, तेवढं चालवून घ्या.

तुझी,
काकू