लेन्स घेऊ का फिल्टर? वाचकांचे प्रश्न आणि आमची उत्तरं

प्रश्न : सर, दिवाळीत पहिल्यांदाच चांगला कॅमेरा घेतला, कॅननचा क्रॉप सेन्सरवाला डीएसएलआर, सोबत १८-५५ आलीय. वर थोडे पैसे उरलेत. दुकानदार म्हणायलाय यूव्ही, सीपीएल, एफएलडी असा तीन फिल्टरचा सेट घ्या आणि वर ०.४५ एक्सचं वाइड कन्व्हर्टर, लेन्सचं नंतर बघू. मित्र म्हणतोय ५० एमएम घे. भाऊजी म्हणतेत झूम नसली तर नाथसागरावर जाऊन काय पाणी बघणार का. मला वेरूळ-अजिंठा, घरातली लेकरं, थोडे पक्षी असं सगळंच काढायचंय. काय घ्यावं कळना गेलंय. (एक वाचक, अंबाजोगाई)

उत्तर : आधी त्या सेटचं मिटवू. एफएलडी म्हणजे ती गुलाबी काच, रोलच्या काळात ट्यूबलाइटखाली फोटो हिरवट यायचे त्यावरचा तो उतारा होता, आता तेच काम कॅमेऱ्यातलं व्हाइट बॅलन्स फुकटात करतं. यूव्हीचंही तसंच, डिजिटल सेन्सरवर अतिनील किरण अडवणारी काच आधीच बसवलेली असते. राहिला सीपीएल, म्हणजे चमक मारणारा पोलरायझर, तो खरंच कामाचा, पण तो एकटा आणि चांगला घ्यायचा, सेटमधला नाही. आणि ते वाइड कन्व्हर्टर, म्हणजे लेन्सच्या तोंडावर बसवायची ती जास्तीची काच, तर हातातही घेऊ नका, कोपऱ्यातलं सगळं असं पसरतं की देवळाचे खांब ओल्या मातीचे वाटतात. दुकानदाराचा राग नाही, त्याला सेटवर मार्जिन सुटतं, लेन्सवर फारसं सुटत नाही.

आता लेन्स. माझं ऐकाल तर दोन महिने काहीच घेऊ नका. १८-५५ ला लोक उगाच नावं ठेवतात. रोज काढा, दोन महिन्यांनी फोटो लॅपटॉपवर घ्या आणि प्रॉपर्टीज उघडून फोकल लेन्थ (लेन्स किती झूमवर होती तो १८ ते ५५ मधला आकडा) बघत चला, प्रत्येक फोटोत ती नोंदलेली असते. निम्म्याहून जास्त फोटो ५५ वर असतील आणि तरी तुम्ही नंतर कापाकापी करत असाल तर भाऊजी बरोबर. सगळे १८ वर असतील आणि पाठ भिंतीला टेकत असेल तर वाइड पाहिजे. आणि फोकल कुठलीही असो, संध्याकाळी घरातले फोटो हललेले येत असतील तर झूम नको, उजेड पाहिजे, म्हणजे मित्र बरोबर.

मित्राच्या ५० एमएम एफ १.८ बद्दल जरा सविस्तर सांगतो कारण सगळे तीच सांगतात आणि अर्धंच सांगतात. तुमची किट लेन्स, म्हणजे सोबत आलेली १८-५५, ५५ वर गेली की तिचं तोंड एफ ५.६ च्या वर उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तोंड तितकं मोठं). एफ १.८ म्हणजे जवळजवळ दहापट उजेड. जिथं शटर १/५ सेकंद लागत होतं तिथं १/५० मिळतं, लेकरू एका जागी बसलेलं असलं तर हा फरक म्हणजे हललेला फोटो आणि ठेवण्यासारखा फोटो एवढा आहे. पण लेकरू पळायला लागलं की १/५० पण पुरत नाही, आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड टिपायची ताकद, वाढवावाच लागतो. दुसरं म्हणजे तुमच्या कॅननचा सेन्सर रोलच्या फ्रेमपेक्षा लहान, म्हणजे १.६ चा क्रॉप, म्हणून ५० ची लेन्स ८० सारखी दिसते. वाड्याच्या अंगणात मस्त, पण दहा बाय दहाच्या खोलीत चार जणं बसवायची तर तुम्हाला दाराबाहेर जावं लागतं. तेव्हा एक करा, एक दिवस किट लेन्स २४ वर ठेवून झूमच्या रिंगवर चिकटपट्टी लावा आणि घरात काढा, दुसऱ्या दिवशी ५० वर. जो दिवस सोपा गेला ती लेन्स. कॅननची २४ एमएम एफ २.८ चपटी भाकरीएवढी आहे, ५० पेक्षा उजेड कमी पण घरात तीच जास्त लागते असा माझा अनुभव.

अजिंठ्यासाठी मात्र ५० घेऊ नका. फ्लॅश बंदच आहे तिथं आणि अंधारही बराच, पण भिंतीवरचं पद्मपाणीचं चित्र काही हलत नाही! किटमधली स्टॅबिलायझरवाली (हाताची थरथर सावरणारी) लेन्स १८ वर ठेवा, एफ ३.५, श्वास धरा, १/८ ला पण निघतं. ट्रायपॉडच्या भरवशावर जाऊ नका, पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी परवानगीचं लफडं असतं. वेरूळचं कैलास लेणं पश्चिमेकडं तोंड करून आहे, म्हणून दुपारनंतर जा, सकाळी गेलात तर समोरची बाजू सावलीत. अंगणातून सगळं देऊळ १८ मध्येही मावत नाही, शेजारच्या टेकडावरून वरून घ्या. (वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. माझ्या एका दोस्तानं नवी लेन्स घेऊन पहिली चक्कर मंगळवारीच मारली होती.)

पक्ष्यांचं खरं सांगू का, ५५-२५० घेतली तरी नाथसागरावरचे रोहित पक्षी ठिपक्याएवढेच येतात, ते पाण्यात लांब उभे असतात. २५० ची तुमच्याकडं ४०० होते, तरी चोच-डोळा दिसत नाही. पण अख्खा थवा, खाली पाणी, सकाळचा उजेड असा फोटो मस्त येतो, आणि ही लेन्स स्वस्त, हलकी आहे. उडताना घ्यायचे तर शटर १/१००० च्या खाली आणू नका.

आता सीपीएल. किट लेन्सच्या आणि ५५-२५० च्या तोंडावर ५८ असं लिहिलेलं असतं, ५० च्या तोंडावर ४९. फिल्टर ५८ चाच एक घ्या आणि ५० साठी ४९ ते ५८ ची स्टेप-अप रिंग (लहान तोंडावर मोठा फिल्टर बसवायची कडी), ती अगदी किरकोळ पैशात येते. फिल्टर फिरवला की पानांवरची, पाण्यावरची, पावसात भिजलेल्या काळ्या दगडावरची चमक जाते, आभाळ गडद होतं. तर्जनी सूर्याकडं करा, अंगठा काटकोनात, मग मनगट फिरवत अंगठा जिकडं जिकडं जाईल तिकडं आभाळ जास्त गडद येतं. १८ वर आभाळात मध्येच काळपट पट्टा येतो, त्याला इलाज नाही, थोडं झूम करा. आणि लेण्यात शिरताना काढून खिशात टाका, दीड-दोन स्टॉप उजेड खातो तो (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा).

प्रश्न : दरवर्षी माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेला जातो. यंदा नवा कॅमेरा नेणार आहे. भंडारा उधळतेत, धूळ तर असतीच. यूव्ही लावू का नको? (नांदेड)

उत्तर : वर आत्ताच यूव्हीला नाव ठेवलं आणि आता सांगतो लावा! पण काच म्हणून लावा, फिल्टर म्हणून नाही. हळदीची पूड बारीक असते, घाम-दव लागलं की चिकटते. मल्टिकोटेड घ्या आणि रात्रीचे दिवे काढताना काढून ठेवा. मी एका लग्नाच्या वरातीत साधी यूव्ही ठेवली होती, प्रत्येक फोटोत पेट्रोमॅक्सची हिरवी भुतं उलटी लटकलेली, नवरदेवाच्या फेट्यावर सुद्धा. गर्दीत कोपर लागतो, म्हणून हूड पण लावा. लेन्स तिथं बदलू नकाच. घरी आलात की आधी ब्लोअरनं पूड उडवा, मग कापड. शर्टाच्या टोकानं पुसाल तर हळदीबरोबर वाळू पण घासाल.

प्रश्न : नळदुर्गचा नर-मादी धबधबा रेशमासारखा कसा काढतात? आम्ही काढला की पाणी गोठल्यासारखं दिसतंय. (तुळजापूर)

उत्तर : शटर हळू पाहिजे, पाव ते एक सेकंद. भर उन्हात आयएसओ १०० आणि एफ ११ ठेवलं तरी शटर १/२०० च्या आसपास येतं, तिथं एनडी ६४ (उजेड ६४ पट कमी करणारा राखाडी फिल्टर) लावला की साधारण १/३ होतं, काम झालं. एनडी ८ उन्हात पुरत नाही, एनडी १००० ला पाण्याचा धूर होतो. फिरवायचा व्हेरिएबल एनडी स्वस्तातला घेऊ नका, पूर्ण फिरवला की आभाळात काळी फुली उमटते. ढगाळ दिवस असेल तर आधी नुसता सीपीएल लावून एफ १६ वर बघा, कधी कधी पैसे वाचतात. कॅमेरा मात्र टेकवावा लागेल, परवानगी नसेल तर कठड्यावर पिशवी ठेवून त्यावर ठेवा आणि दोन सेकंदाचा टायमर लावा.

प्रश्न : निकॉन डी ३५०० आहे. जुनी ५० एमएम एफ १.८ डी स्वस्तात मिळायलीय, घेऊ का? (परभणी)

उत्तर : नको. त्या लेन्सला फोकसची मोटर कॅमेऱ्यातून लागते आणि तुमच्या बॉडीत ती मोटरच नाही, लेन्स बसेल, फोटो निघेल, पण फोकस हातानं फिरवत बसावं लागेल. एएफ-एस लिहिलेली, म्हणजे मोटर लेन्समध्येच असलेली बघा, ५० ची किंवा डीएक्सची ३५ एफ १.८. जुनी घेताना मोबाइलचा टॉर्च मागून मारून आत बघा, कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे, मग कितीही स्वस्त देऊ देत.