पामिटिक साखळी जोडली, पण पेप्टाइड पेशीत गेले का?

प्रश्न : पेप्टाइड पेशीत शिरावे म्हणून त्यातल्या लायसिन या अमिनो आम्लाला पामिटिक आम्ल (सोळा कार्बनांचे स्निग्धाम्ल) जोडले. पेप्टाइडवर फ्लुरेसीन हा चमकणारा रंग आहे. पेशी आता कितीतरी जास्त चमकतात, पण माध्यमात १० टक्के सीरम घातले की चमक जवळजवळ जाते. जोडणी फसली असेल का?
— एम. फार्म.चा विद्यार्थी, दांडिया बाजार, वडोदरा

उत्तर : जोडणीचा निकाल मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूचे वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर, लावा. पामिटिक आम्ल जोडले जाताना पाण्याचा एक रेणू निघतो, म्हणून वस्तुमान २३८.२ ने वाढते. दोन प्रभारांचे शिखर ११९.१ ने सरकलेले दिसेल. तसे दिसले, तर जोडणी ठीक आहे आणि चमक जाण्याचे कारण सीरममधले अल्ब्युमिन हे प्रथिन. रक्तात स्निग्धाम्ले वाहून नेणे हे त्याचे कामच. तुमची सोळा कार्बनांची साखळीही ते धरून ठेवते आणि मोकळे पेप्टाइड फार थोडे उरते. लिराग्लुटाइड या मधुमेहावरच्या औषधात हीच पकड उपयोगी पडते, म्हणून त्याची अर्धायु सुमारे १३ तास. पण औषध रक्तात टिकवणे वेगळे, पेशीत घालणे वेगळे.

आम्हाला जास्त काळजी वाटते ती सीरमविना दिसणाऱ्या चमकीची. साखळी पेशीच्या पटलाला बाहेरूनच चिकटते आणि फ्लो सायटोमीटर (एकेका पेशीची चमक मोजणारे यंत्र) तेही 'आत गेले' म्हणून मोजतो. मोजण्याआधी पेशी थंड बफरने दोनदा धुवा, बाहेर चिकटलेले पेप्टाइड तोडायला ट्रिप्सिन हे विकर द्या, मग ट्रिपान ब्लू हा रंग घाला. बाहेर उरलेल्या फ्लुरेसीनची चमक तो दाबतो. सोबत एक प्लेट ४ अंश सेल्सिअसवर ठेवा. त्या तापमानाला एंडोसायटोसिस (पेशीने बाहेरचा माल पटलात गुंडाळून आत घेणे) थांबते, तरीही चमक तितकीच राहिली तर ती बहुतेक चिकटलेलीच. पेशी फॉर्मॅलिनने स्थिर करू नका, त्यात पेप्टाइड जागा बदलते, जिवंतच पाहा. ठिपके दिसले तर माल एंडोसोममध्ये, म्हणजे आत घेतलेल्या मालाच्या पिशव्यांत, अडकला आहे, म्हणजे औषध अजून कामाच्या जागी पोचलेले नाही.

मात्रा १ मायक्रोमोलरपासून चढवा आणि दर पायरीला एलडीएच (पटल फाटले की पेशीतून बाहेर गळणारे विकर) मोजा. साखळीवाले पेप्टाइड साबणासारखे वागून पटल फाडते. मग सगळेच आत शिरलेले दिसते.

पुढची तुकडी १२ किंवा १४ कार्बनांची करून पाहा, अल्ब्युमिनची पकड सैल होते. रेझिनवर (पेप्टाइड ज्यावर बांधतात ते मणी) लायसिनला झाकणारा एमटीटी गट १ टक्का टीएफए या आम्लाने काढा, चौपट स्निग्धाम्ल डीएमएफ आणि डीसीएम या द्रावकांच्या निम्म्यानिम्म्या मिश्रणात द्या (नुसत्या डीएमएफमध्ये ते नीट विरघळत नाही), मग जोडणी पूर्ण झाली का ते पाहायला कायझर चाचणी. शुद्धीकरणाला एचपीएलसीचा सी-४ (चार कार्बनांच्या साखळ्यांचा) स्तंभ घ्या. सी-१८ वरून साखळी सहज सुटत नाही.

पावडर उणे २० अंशांवर ठेवा. वडोदऱ्याच्या पावसाळ्यात कुपी खोलीच्या तापमानाला येण्याआधी उघडली, तर ती ओल धरते आणि वजन चुकते.