नाताळ घरीच सजवताना: वाचकांचे प्रश्न

डिसेंबर लागला की पत्रांचा सूर ठरलेला असतो : फोटोत छान दिसतं, माझ्या हातून मात्र होत नाही. यंदाच्या पत्रांतून, ज्यांत काम नेमकं कुठेतरी अडलं आहे, असे प्रश्न घेतले आहेत.

खिडकीला लावायला दरवर्षी पांढऱ्या कागदाचे हिमकण कापते. कितीही नक्षी काढली तरी ते टेबलावरच्या जाळीच्या रुमालासारखे दिसतात. काय चुकतं?

घडी चुकते. तुम्ही कागदाचं अर्धं, अर्ध्याचं अर्धं असं करत आठ भाग पाडत असणार. सगळे तेच करतात, कारण ते सोपं आहे. पण बर्फाच्या कणाला आठ नाही, सहा फांद्या असतात. पाणी गोठताना त्याचे रेणू षटकोनी जाळीत बसतात, त्यामुळे कण सहा दिशांनीच वाढतो. ग्रहांच्या गतीचे नियम मांडणाऱ्या केप्लरला हा प्रश्न इतका छळत होता, की हिमकणाला कोपरे सहाच का, एवढ्यावर त्यानं १६११ मध्ये एक छोटी पुस्तिका लिहिली.

तर २० सेंटिमीटरचा चौरस घ्या. कर्णावर दुमडून त्रिकोण करा, तो पुन्हा मधोमध दुमडा. आता ज्या कोपऱ्यात कागदाचा मध्य आला आहे तिथे काटकोन आहे. त्याचे तीन सारखे भाग करायचे, म्हणजे उजवी बाजू पुढे आणि डावी मागे दुमडायची. पहिल्या दोन-तीन कागदांना हे तीन भाग सारखे येणार नाहीत, ते फेकून द्या. वर निघालेली शेपटं तिरकी कापली की फांदीला टोक येतं. सरळ कापली तर पुन्हा रुमालच.

कागदाचे आता बारा थर झालेत, म्हणून जाड कागद नको. छपाईचा साधा ७० ते ८० ग्रॅमचा कागद पुरे. आणि कात्री घाबरत चालवू नका. नवशिक्यांच्या हिमकणात कागद फार उरतो. एका घडीच्या कडेपासून जवळजवळ दुसऱ्या कडेपर्यंत जाणारे दोन-तीन खोल काप घ्या, बारीक नक्षी नंतर. अर्ध्याहून जास्त कागद कापला गेला, की फांद्या फांद्यांसारख्या दिसायला लागतात. उलगडून दोन कोऱ्या कागदांमध्ये ठेवा आणि कोमट इस्त्री फिरवा.

घर लहान, त्यात दोन वर्षांचा मुलगा आणि एक मांजर. झाड ठेवायला जागा नाही, ठेवलं तरी टिकणार नाही.

झाड जमिनीवरून भिंतीवर न्या. अंगठ्याएवढ्या जाडीच्या सात सुक्या काटक्या घ्या. सर्वांत खालची ७० सेंटिमीटर, पुढची प्रत्येक दहानं कमी, वरची दहाच. जमिनीवर पंधरा-पंधरा सेंटिमीटर अंतरानं मांडा आणि दोन्ही टोकांना सुतळीनं बांधत वर या. प्रत्येक टोकाला सुतळीचे दोन वेढे घेऊन ओढून गाठ मारा. दोन्ही सुतळ्या वर एकत्र येतात, तिथे खिळ्यासाठी फास. खालची काटकी जमिनीपासून सव्वा मीटर वर ठेवलीत की दोन वर्षांचे हात पोचत नाहीत.

काटक्या खरोखर सुक्या हव्यात. एका वर्षी मी छाटणीतल्या ताज्या फांद्या घाईनं बांधल्या. आठवड्यात त्या वाळून बारीक झाल्या, गाठी सैल पडल्या आणि मधल्या दोन काटक्या रात्री दोन वाजता खाली आल्या. घरातले सगळे उठले.

मांजरासाठी एक गोष्ट अजिबात नको : चमकदार झिरमिळ्या आणि लोंबते दोरे. मांजर ते गिळतं, आतड्यात ते गोळा होतात आणि प्रकरण शस्त्रक्रियेपर्यंत जातं. मुलासाठी तोंडात मावतील असे मणी, बटणं, घुंगरं टाळा. कागद, फेल्टचं कापड आणि पातळ लाकडाचे मोठे आकार एवढ्यावर हे झाड उत्तम सजतं.

संत्र्याच्या चकत्या वाळवून माळ केली. चार दिवसांत बुरशी आली.

वाळल्या नव्हत्या, एवढंच. चकती पाच-सहा मिलिमीटरची, सगळ्या सारख्या जाडीच्या. कापडानं रस टिपून घ्या. ओव्हन ९० ते १०० अंशांवर, दार किंचित उघडं (वाफ बाहेर जायला हवी), तीन ते चार तास, मध्ये तीन-चारदा उलटायच्या. तापमान वाढवून वेळ वाचवायला गेलात तर कडा काळ्या होतात आणि मध्य ओलाच राहतो. बाहेर काढताना चकती थोडी लवचीक असली तर चालेल, गार झाल्यावर ती कडक होते. गार झाल्यावरही मधला भाग बोटाला चिकटत असेल तर परत ओव्हनमध्ये. हवा फार दमट असेल तर मात्र या वाटेला जाऊ नका, वाळलेली चकती ओल पुन्हा शोषून घेते.

माळ कुठे लावली होती, तेही कळायला हवं होतं. संत्र्याची चकती भिंतीवर किंवा झाडात मळकट तपकिरी दिसते. तिची सगळी शोभा मागून येणाऱ्या उजेडात आहे. खिडकीतच टांगा.

मिठाच्या पिठाचे आकार भाजताना फुगले, आणि जे नीट निघाले ते पंधरा दिवसांत मऊ पडले.

फुगले ते ओव्हन फार तापलेला असल्यामुळे. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, आणि पाणी वाटीभरापेक्षा थोडं कमी, हळूहळू घालत. दहा मिनिटं मळा, पाच मिलिमीटर जाड लाटा, दोऱ्याचं भोक भाजण्याआधीच स्ट्रॉनं पाडा. मग १०० अंशांवर दोन-तीन तास, मध्ये एकदा उलटून. हे भाजणं नाहीच, वाळवणं आहे.

मऊ पडले ते मिठामुळे. मीठ हवेतली ओल खेचतं. म्हणून रंगानंतर वॉर्निश पुढे, मागे, कडांना आणि भोकाच्या आतही लावायचं. बहुतेक जण पाठ विसरतात. घरात कुत्रा असेल तर हे आकार त्याच्या तोंडाच्या उंचीवर ठेवू नका. त्यातलं मीठ विषबाधेइतकं असू शकतं आणि पिठाचा वास कुत्र्यांना आवडतो.

सगळं हातानं केलं : लोकरीचे गोंडे, रंगवलेल्या बाटल्या, कापसाचा बर्फ, पुठ्ठ्याची घरं, चमकीचे तारे. पाहुण्यांनी कौतुकही केलं. पण खरं सांगू का ताई, घर भंगाराच्या दुकानासारखं दिसतं.

तुम्ही हे कबूल केलंत, त्याबद्दल आभार. यात दोष तुमच्या हाताचा नाही. तुमच्याच यादीत पाच प्रकारचं सामान आहे आणि प्रत्येकाची चार-पाच नगं असणार. हातानं केलेल्या वस्तूत थोडा वाकडेपणा येतोच. एकच वस्तू वाकडी असली तर ती चूक दिसते, तशाच चाळीस असल्या की ती ढब दिसते. साधं काम पुन्हा पुन्हा केलेलं असलं की डोळा एकेका वस्तूत चुका शोधत बसत नाही, तो सगळा पट पाहतो.

आता हे करा. सगळं उतरवून पलंगावर मांडा आणि सामानाप्रमाणे ढीग करा : लोकर लोकरीत, कागद कागदात. मग एकच ढीग निवडा. निवड अवघड जाईल, कारण प्रत्येक वस्तूमागे तुमची एक संध्याकाळ गेली आहे. पण निवडायचंच. समजा लोकरीचे गोंडे निवडलेत. तर या वर्षी घरात फक्त गोंडे, पण बारा नाही, साठ. तेही सगळ्या रंगांचे नकोत. दोन रंग घ्या आणि त्यातला एक दुसऱ्याच्या चौपट असू द्या. तांबडा आणि हिरवा निम्मा-निम्मा घेतला की ते दोघे भांडतात. पांढऱ्यावर थोडा तांबडा, किंवा गडद हिरव्यावर थोडा कोरा बदामी घेतला तर नजर शांत राहते.

मग जागा. प्रत्येक खोलीत थोडं थोडं हा मोह सोडा. दारातून आत आल्यावर नजर पहिल्यांदा जिथे जाते ती एक भिंत किंवा एक खिडकी घ्या, आणि साठच्या साठ गोंडे तिथेच, वेगवेगळ्या लांबीच्या दोऱ्यांना. घरातल्या बाकीच्या जागा रोजच्यासारख्याच असू द्या. पुठ्ठ्याची घरं फेकू नका, पुढच्या वर्षी ती एकटी येऊ देत.

चमकीबद्दल माझं मत सगळ्यांना माहीत आहे, तरी सांगते : नको. बहुतेक चमकी म्हणजे प्लास्टिकचे बारीक तुकडे. युरोपीय संघानं २०२३ मध्ये सुट्या प्लास्टिक चमकीच्या विक्रीवर निर्बंध आणले ते याचमुळे. मी तिला त्याच्या कितीतरी आधी सोडलं, कारण मार्चमध्येसुद्धा ती गालिच्यात सापडायची.

पाच आणि आठ वर्षांच्या मुलांना सोबत घेऊन काय करता येईल? शेवटी सगळं मलाच करावं लागतं.

पाच वर्षांच्या मुलाला साखळी द्या. अडीच सेंटिमीटर रुंद, अठरा लांब पट्ट्या आधी तुम्ही कापून ठेवा. डिंकाऐवजी कड्यांना स्टेपलर वापरा, तो मात्र तुमच्या हातात. मीटरभर साखळीला वीस-बावीस कड्या लागतात, म्हणजे दोन मीटरमध्ये मुलाची दुपार जाते.

आठ वर्षांच्या मुलासाठी डेन्मार्कमधलं विणलेलं कागदी हृदय आहे. दोन रंगांचे, एका टोकाला गोल कापलेले दुमडते कागद, घडीच्या बाजूनं पट्ट्या पाडलेल्या. एकाची पट्टी दुसऱ्याच्या पट्टीच्या पोटातून जाते, मग बाहेरून, मग पुन्हा पोटातून. दुसऱ्या ओळीत क्रम उलटा. नीट जमलं तर हृदय पिशवीसारखं उघडतं आणि त्यात काहीतरी ठेवता येतं. परीकथा लिहिणाऱ्या हान्स ख्रिश्चन अँडरसननं १८६० मध्ये केलेलं असं एक हृदय आजही जपून ठेवलेलं आहे. सुरुवातीला तीनच पट्ट्या घ्या. आणि पहिलं हृदय तुम्ही एकट्यानं करून पाहा, मुलासमोर पहिल्यांदा करायला बसलात तर दोघंही रडाल.

खिडकीत मोठा कागदी तारा लावायचा आहे, आत दिवा. आग लागणार नाही ना?

आत एलईडीच. तारेचा जुना बल्ब घेतलेल्या विजेचा बहुतेक भाग उष्णतेत घालवतो, कागदाच्या बंद ताऱ्यात त्याला जागा नाही. मेणबत्तीचं तर नावच नको. एकेकाळी झाडावर खऱ्या मेणबत्त्या लावत आणि शेजारी पाण्याची बादली भरून ठेवत. १८८२ मध्ये एडिसनचे सहकारी एडवर्ड जॉन्सन यांनी न्यूयॉर्कमधल्या आपल्या घरी झाडाला तांबडे, पांढरे, निळे असे ८० विजेचे दिवे लावले, तेव्हा कुठे ती बादली जायची सुरुवात झाली.

तारा १६० ते २०० ग्रॅमच्या कार्डाचा करा. पाच टोकांचे दोन सारखे तारे कापा, रुंदी तीस सेंटिमीटर तरी हवी, नाहीतर रस्त्यावरून दिसत नाही. मध्यापासून दहाही कोपऱ्यांपर्यंत रेघा आखा. शाई संपलेलं बॉलपेन पट्टी धरून त्या रेघांवर दाबून फिरवा. दुमड धारदार यायची सगळी युक्ती या रिकाम्या पेनात आहे. टोकांकडे जाणाऱ्या रेघा बाहेर उचलायच्या, आतल्या कोपऱ्यांकडे जाणाऱ्या आत दाबायच्या. तारा फुगून उभा राहतो. दुमडण्याआधी छोट्या खिडक्या कापा आणि त्यांना आतून ट्रेसिंग पेपर लावा. एका ताऱ्याच्या कडांना कापतानाच सेंटिमीटरभर पट्टी ठेवली असेल तर दुसरा त्यावर चिकटतो. एक कड मोकळी ठेवा, दिव्यांची माळ तिथून आत जाते.

बॅटरीच्या माळेत बटण सेल असेल तर त्याचं झाकण स्क्रूनं बंद होणारं हवं. लहान मुलानं तो सेल गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. अशी शंका जरी आली तरी वाट न पाहता थेट रुग्णालय.

पाइनकोन धुतले तर मिटून बसले. खराब झाले का?

नाही. ओल मिळाली की त्यांचे खवले मिटतात, वाळले की उघडतात. झाडावरून पडलेला मेलेला कोनही हे करतो, कारण खवल्याच्या दोन बाजू ओलीनं कमी-जास्त फुगतात. ९० अंशांवर अर्धा-पाऊण तास ठेवा, समोर बसून. उघडतील आणि आतले किडेही जातील.

दारावरचं हिरवं रीथ (डहाळ्यांचं गोल कडं) एका बाजूला विरळ, एका बाजूला भरगच्च होतं.

एकेक फांदी खोचू नका. तीन-तीन डहाळ्यांच्या बोटभर लांबीच्या जुड्या आधी सगळ्या बांधून ठेवा, मोजून. तारेच्या कड्यावर एकाच दिशेनं, प्रत्येक जुडी आधीच्या जुडीचे देठ झाकेल अशी लावत जा. शेवटची जुडी पहिलीच्या पानांखाली सरकवायची. अर्ध्या कड्याला अर्ध्यापेक्षा जास्त जुड्या संपल्या असतील तर तिथेच उसवा, पुढे जाऊन ते सुधारत नाही.

हे सगळं पुढच्या वर्षीपर्यंत ठेवायचं कसं?

कागदी तारे मोकळी कड उघडून सपाट करून, जुन्या वहीत. मिठाच्या पिठाचे आकार हवाबंद डब्यात, एकेक कागदात गुंडाळून. दिव्यांची माळ पुठ्ठ्याच्या तुकड्याला गुंडाळा, बॅटऱ्या काढून. संत्र्याच्या चकत्या ठेवू नका.