टाय रॉड एंड घरी बदलता येतो, पण आधी बोटानं खात्री करून घ्या

तुम्ही लिहिलंय की खानापूरहून बेळगावला येताना खराब रस्त्यावर डाव्या पुढच्या चाकाकडून खडखड येते, स्टेअरिंग मधोमध मोकळं वाटतं, आणि गॅरेजवाल्यानं अख्खा रॅक, म्हणजे स्टेअरिंगचं फिरणं दोन्ही चाकांकडे ढकलणारी आडवी यंत्रणा, बदलायला सांगितलाय. घरी टाय रॉड एंड, म्हणजे रॅकपासून चाकाकडे येणाऱ्या रॉडच्या बाहेरच्या टोकाचा गोळ्याचा सांधा, बदलून भागेल का, हा तुमचा प्रश्न. भागू शकतं. पण रॅकचे पैसे मोजायच्या आधी, आणि पाना हातात घ्यायच्याही आधी, अर्धा तास नुसतं तपासण्यात घालवा.

गाडी चारही चाकांवर उभी असू दे, हँडब्रेक ओढलेला. चावी फिरवून स्टेअरिंगचं लॉक सोडा, इंजिन चालू करू नका. घरातल्या कुणाला तरी आत बसवून स्टेअरिंग डावीकडे-उजवीकडे दोन-दोन इंच हलवत राहायला सांगा. तुम्ही चाकामागे हात घाला आणि टाय रॉड एंड जिथं नकलच्या (चाक ज्यावर बसतं त्या लोखंडी भागाच्या) कानात बसतो तिथं बोट ठेवा, अर्धं रॉडवर, अर्धं कानावर. सांधा झिजला असेल तर डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला कळतं: रॉड आधी सरकतो, चाक मागनं येतं. मग तोच हात आत, रॅकच्या रबरी बुटावर न्या आणि बुटावरूनच आतला गोळा चाचपा. तिथं टकटक लागली तर दोष रॅक एंडचा, म्हणजे रॉडच्या आतल्या सांध्याचा आहे. त्याला वेगळं हत्यार लागतं, ते काम गॅरेजलाच द्या. शेवटी चाक उचलून घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. तिथं प्ले (ढिलेपणा) आला तर बेअरिंग किंवा खालचा बॉल जॉइंट बघायला हवा, टाय रॉड एंड बदलून काही होणार नाही.

बाहेरच्या सांध्याचं रबर फाटलेलं दिसलं तर मला नवल वाटणार नाही. जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात तांबडा चिखल त्या चिरेतून आत जातो, ग्रीस धुऊन निघतं, आणि गोळा मातीतच फिरत राहतो. आवाज यायला लागतो तेव्हा झीज बरीच झालेली असते. म्हणून दिवाळीपर्यंत बघू असं म्हणू नका. हा गोळा खोबणीतून निसटला तर ते चाक तुमच्या ताब्यात राहत नाही.

आता काम. गाडी उचलायला जागा पक्की हवी. अंगणात माती असेल तर जॅकखाली जाड फळी घाला, आणि उचलल्यावर जॅक स्टँड लावल्याशिवाय अंग आत घालू नका. आपल्याकडे चिरे रचून गाडी टेकवायची सवय आहे, ती इथं नको. जांभ्याच्या चिऱ्यावर एकाच जागी भार आला की तो फुटतो, आणि आधी सांगून फुटत नाही. मागच्या चाकांना मात्र चिरा लावा, गाडी घसरू नये म्हणून.

आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. सकाळी चाक काढलं की पहिल्यांदा चेक नट, म्हणजे टाय रॉड एंडला रॉडवर जागीच आवळून धरणारा नट, सैल करा, सांधा नकलमध्ये बसलेला असतानाच. एकदा सांधा सुटला की रॉड हातात गरगर फिरतो आणि नटाला जोर लागत नाही. दुसऱ्या पान्यानं आतला रॉड धरून ठेवा, नाहीतर रॅकचा बूट पिळवटून फाटेल आणि मग खरोखरच रॅक बदलायची पाळी येईल.

मग सांध्याच्या बोल्टवरचा नट फिरू नये म्हणून त्यातून घातलेली स्प्लिट पिन ओढून काढा. तो नट सैल करा, पण पूर्ण काढू नका, तीन-चार आट्यांवर राहू दे. इथं बहुतेक जण खालून बोल्टच्या टोकावर हातोडा घालतात. टोक चेपतं, आटे बसतात, सांधा मात्र हलत नाही. सांधा ओढून सोडवणारा पुलर असेल तर उत्तमच. नसेल तर नकलच्या कानाच्या बाजूवर, सांधा बसतो त्याच उंचीला, दोन पौंडी हातोड्याचे नेमके घाव द्या. निमुळता बोल्ट दाबून बसलेला असतो. कान क्षणभर दबतो, आणि टक् आवाज करून तो सुटतो. मला हे बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका कानडी मिस्त्रींनी शिकवलं. मी घाईनं मारायला लागलो की ते नुसतं "निधान, निधान" म्हणायचे, म्हणजे सावकाश. त्यांचे तीन घाव म्हणजे माझे वीस.

मोजमापाचं नीट ऐका, कारण इथं मी स्वतः चुकलोय. सगळे सांगतात की जुना टाय रॉड एंड रॉडवरून फिरवून काढताना फेरे मोजा आणि नवा तितकेच फेरे बसवा. मी तसंच केलं. पण नवा भाग दुसऱ्या कंपनीचा होता आणि त्याची मान जुन्यापेक्षा तीन मिलिमीटर लांब होती. फेरे तंतोतंत जुळले, रॉड मात्र लांब झाला. रॅक चाकाच्या मध्याच्या मागे असलेल्या गाडीत रॉड लांबला की चाकाचं तोंड आत वळतं. अलाइनमेंट, म्हणजे चाकांची दिशा मशीनवर जुळवून घेणं, पुढच्या आठवड्यावर ढकललं, मग त्याच्या पुढच्या, आणि मधेच चोर्ला घाटातून गोव्याला दोन फेऱ्या झाल्या. एक दिवस टायरवरून तळहात फिरवला: एका दिशेनं गुळगुळीत, उलट दिशेनं करवतीसारखा. बाहेरची कड गेलेली. चांगला टायर गेला तो गेलाच, पण त्या टायरवर मी घरच्यांना घाटातून नेलं होतं याची रुखरुख अजून आहे.

म्हणून फेरे मोजाच, पण शिवाय आतल्या रॉडवर रंगाची खूण करा आणि त्या खुणेपासून गोळ्याच्या बोल्टच्या मध्यापर्यंतचं अंतर कागदावर लिहून ठेवा. नवा त्या अंतरावर आणा, फेरे किती का होईनात.

बसवताना निमुळता भाग कोरडा पुसा, त्याला ग्रीस लावू नका. नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कला, म्हणजे तेवढ्याच जोरानं, आवळा. पिनचं भोक जुळलं नाही तर नट थोडा पुढे आवळून जुळवा, मागे कधीच नाही. पिन नवीनच घाला. नायलॉनवाला नट असेल तर तोही नवीन. बोल्ट नटाबरोबर फिरायला लागला तर सांधा कानात दाबून धरा आणि मग आवळा.

चेक नट आवळल्यावर त्यावर आणि रॉडवर मिळून एक पांढरी रेघ ओढा. स्टेअरिंग सरळ ठेवून पुढच्या दोन टायरांमधलं अंतर पुढून आणि मागून, चाकाच्या मध्याच्या उंचीला मोजा. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर गाडी रस्त्यावर काढायच्या आधी रॉड जुळवून घ्या. मग हळू चालवत त्याच दिवशी बेळगावात अलाइनमेंट करून घ्या. तिथं चेक नट पुन्हा सैल होणार, तेव्हा आधीची रेघ पुसून नवी ओढा. आठवड्यानं वाकून बघा, ती रेघ जुळलेली आहे का.