दीड एकर विकून संगीत शिक्षिका?

पत्र : मुलगी यंदा बी.कॉम. झाली. गायनात विशारद पूर्ण, प्रथम श्रेणी. तिला एम.ए. संगीत करायचं आहे, पण त्यात दोन वर्षं वाया जातील. विशारद म्हणजे बी.ए.च, तेव्हा लगेच बी.एड. करून तिला शाळेत संगीत शिक्षिका करायचं आम्ही ठरवलं आहे. एका संस्थेत जागा आहे. मध्यस्थ बारा लाख सांगतो, निम्मे आता, निम्मे मान्यता आल्यावर. दीड एकर विकायची तयारी आहे. शिक्षिका झाली की स्थळंही चांगली येतील. निर्णय योग्य आहे ना?
– एक पालक, अमळनेर तालुका

उत्तर : भाऊसाहेब, बी.एड.चं नंतर बघू. आधी त्या दीड एकराचं. इसार घेतला नसेल तर घेऊ नका.

अनुदानित शाळेतली जागा संस्थाचालकाच्या खिशात नसते. दरवर्षी पटावरून संच मान्यता होते आणि कोणत्या शाळेला किती पदं हे त्या कागदावर असतं. मध्यस्थाला एवढंच विचारा : या वर्षीच्या संच मान्यतेत संगीताचं पद दाखवा. बहुतेक शाळांत ते नसतंच. जुनं मंजूर पद असलं, तरी रिक्त आहे का, आरक्षणाच्या बिंदुनामावलीत कोणत्या प्रवर्गाला जातं, हे प्रश्न उरतातच. शिवाय शिक्षक भरती आता सरकारच्या पवित्र पोर्टलवरून, टेटच्या (शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीच्या) गुणांवर होते. पुढे शिक्षणाधिकाऱ्यांची वैयक्तिक मान्यता, मग शालार्थ या सरकारी वेतन प्रणालीतला आयडी. तो आल्याशिवाय सरकारी पगार सुरू होत नाही. ‘निम्मे मान्यता आल्यावर’ ऐकायला सुरक्षित वाटतं. पण मान्यता आलीच नाही, तर पहिले सहा लाख कोणत्या पावतीवर परत मागणार? अशा जागांवर बिनपगारी राबणारे शिक्षक खान्देशात तुमच्याही ओळखीत असतील. एकाला विचारून बघा.

दुसरी गोष्ट जास्त खटकली. सगळ्या पत्रात ‘आम्ही ठरवलं’. मुलीच्या वाट्याला एकच वाक्य, तिला एम.ए. करायचंय, आणि तेही ‘वाया’ म्हणून निकालात काढलेलं. विशारदपर्यंत जायला सात परीक्षा द्याव्या लागतात. शाळा-कॉलेज सांभाळून तिनं त्या दिल्या, शेवटची प्रथम श्रेणीत. एवढी चिकाटी दाखवणाऱ्या मुलीला पुढच्या दोन वर्षांचं स्वतः ठरवू द्यायला काय हरकत आहे? स्थळांचा हिशोब या प्रश्नात आणूच नका. तिला शाळेत शिकवायचं आहे का, हे तुम्ही तिला विचारलेलं दिसत नाही. गाणं येणं आणि सातवीच्या साठ मुलांकडून गाऊन घेणं, ही दोन वेगळी कामं आहेत.

आता तुमचा गैरसमज. विशारद म्हणजे बी.ए. नव्हे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ ही परीक्षा घेणारी नामांकित संस्था आहे, विद्यापीठ नाही. आणि पदवी देण्याचा अधिकार यूजीसी कायद्यानं विद्यापीठांना आणि तसा दर्जा असलेल्या संस्थांनाच आहे. मग ‘समकक्ष’ हा शब्द येतो कुठून? नोकरी देणारा आपल्या एखाद्या पदापुरतं विशारद ग्राह्य धरतो, तिथून. म्हणजे ही समकक्षता प्रमाणपत्राला कायमची चिकटलेली नसते, ज्या त्या जाहिरातीत असते. नवोदयच्या संगीत शिक्षक पदाला बारावी अधिक विशारद ही जोडी चालत आलेली आहे. केंद्रीय विद्यालयात प्राथमिकच्या संगीत शिक्षकाला बारावीला ५० टक्के आणि संगीतातली पदवी किंवा समकक्ष, अशी अट असते. तुमच्या मुलीची पदवी वाणिज्य शाखेची. त्यामुळे ‘समकक्ष’मध्ये काय धरलंय ते प्रत्येक जाहिरातीत ओळीवर बोट ठेवून वाचावं लागेल. हातात संगीतातली विद्यापीठीय पदवी असली, तर तिची बाजू कितीतरी भक्कम होते. ज्या एम.ए.ला तुम्ही वाया म्हणता, ते नेमकं हेच काम करतं.

बी.कॉम.वर लगेच बी.एड. केलं तर काय होईल, तेही ऐका. बी.एड.ला अध्यापन पद्धतीचे विषय पदवीवरून ठरतात. तिच्या वाट्याला वाणिज्य येईल. दहावीपर्यंत वाणिज्य हा विषयच नाही आणि अकरावी-बारावीला शिकवायला पदव्युत्तर पदवी लागते. संगीत शिकवण्याची पद्धत तर फारच थोड्या बी.एड. कॉलेजांत आहे. म्हणजे दोन वर्षं नि फी घालवून ती ना वाणिज्याची शिक्षिका, ना संगीताची.

म्हणून आधी एम.ए. पदवीला संगीत नसलं तरी विशारद पाहून किंवा प्रात्यक्षिक चाचणी घेऊन अनेक विद्यापीठं प्रवेश देतात. जळगावला मू. जे. महाविद्यालयात संगीत विभाग आहे, पहिली चौकशी तिथे करा. मग पुणे, मुंबई, एसएनडीटी. बडोद्याचं सयाजीराव विद्यापीठही विसरू नका. अमळनेरहून सुरतेची गाडी धरली की बडोदा मुंबईपेक्षा काही दूर नाही. चाचणीत ती विशारदच्या अभ्यासक्रमातलंच गाईल, पण पुढे अडेल लेखी बाजूवर : स्वरलिपी, तालाची दुगुन-चौगुन (दुप्पट-चौपट लय) लिहून दाखवणं, रागांची तुलना. विशारद झालेली बरीच मुलं इथेच गडबडतात, कारण क्लासमध्ये थिअरी परीक्षेच्या आधीच्या पंधरवड्यात उरकलेली असते. एम.ए.नंतर बी.एड. करायचं तर जरूर करावं. संगीत विषय असलेल्या कनिष्ठ महाविद्यालयाला दोन्ही लागतं. नेट-सेट देऊन सीनियर कॉलेजचा रस्ताही आहे.

संगीत शिक्षकाची पूर्णवेळ सरकारी पदं खरोखर निघतात ती केंद्रीय विद्यालय, नवोदय आणि एकलव्य निवासी शाळांत. भुसावळ-वरणगावची केंद्रीय विद्यालयं, साकेगावचं नवोदय, नंदुरबारकडच्या एकलव्य शाळा तुमच्या जवळच्या. पण भरती देशभराची असते, नेमणूक कुठेही होते. मुलीला परराज्यात पाठवायची तयारी नसेल, तर या वाटेवर तिला ढकलूच नका. केंद्रीय विद्यालयात मूळ वेतन ३५,४०० पासून, नवोदयमध्ये ४४,९०० पासून. जिल्हा परिषदेकडचे कला विषयाचे अंशकालीन निदेशक मानधनावर असतात, तो पगार समजू नका. जळगाव-धुळ्याच्या खासगी सीबीएसई शाळा संगीत शिक्षक घेतात; पगार शाळेगणिक बदलतो, पण अनुभवाचं पत्र कामाला येतं.

अशा शाळेत डेमो पाठ घेतात आणि तिथे विशारदवाले हमखास एक चूक करतात. बडा ख्याल, म्हणजे संथ लयीतलं शास्त्रीय गायन, ऐकवतात. शाळेला हवा असतो परिपाठ बसवणारा माणूस. राष्ट्रगीत ५२ सेकंदांत, सगळ्यांना झेपेल अशा पट्टीत. शिक्षिकेनं पट्टी चढी धरली की तार षड्जाला, म्हणजे वरच्या ‘सा’ला, निम्मी शाळा गप्प होते. फार खाली धरली की पाचवीची पोरं नुसती पुटपुटतात, कारण त्यांना मंद्र (खालचं सप्तक) जवळजवळ नसतंच. आठवी-नववीतल्या मुलांचा आवाज फुटत असतो. त्यांना जोर लावायला न सांगता खालच्या स्वरांत ठेवायचं किंवा तालवाद्यावर बसवायचं. हार्मोनियमवर कोणत्याही पट्टीत वाजवता यायला हवं, केरवा-दादरा तोंडपाठ हवेत आणि कीबोर्डशी ओळख हवी. यातलं बरंचसं ना विशारदमध्ये शिकवतात, ना एम.ए.त. अमळनेरच्याच एखाद्या शाळेत महिनाभर परिपाठाला उभं राहू द्या तिला. शाळा आवडते का, हे तिला तिथेच कळेल.

प्रवेश अर्ज भरण्याआधी तिची सगळी प्रमाणपत्रं एकत्र काढा, प्रारंभिक या पहिल्या परीक्षेपासूनची. परीक्षेचे फॉर्म बहुधा क्लासमधून भरले जातात. त्यात वडिलांचं नाव सुटणं, आडनावाचं स्पेलिंग बदलणं नेहमीचं. दहावीच्या प्रमाणपत्राशी अक्षर न् अक्षर जुळलं नाही, तर कागदपत्र पडताळणीत नोकरी अडकते. दुरुस्तीचा अर्ज परीक्षा केंद्रामार्फत गांधर्व मंडळाकडे जातो आणि त्याला वेळ लागतो. तो आत्ताच टाका.